‘लग्न झाले’ आणि ‘लग्न केले’ : कायम वास्तव्याच्या मुलाखतीतील भाषेची चिकित्सा

१

विवाहाच्या आधारावर परदेशात कायम वास्तव्याची परवानगी मागणाऱ्या पतिपत्नींना जी मुलाखत द्यावी लागते, तिचा विचार बहुधा कायद्याच्या अंगाने होतो. अर्ज कोणता, कागदपत्रे कोणती, नकार आल्यास उपाय कोणता, एवढ्यात तो संपतो. परंतु कागदपत्रांची छाननी झाल्यावरही निर्णयाचा मोठा भाग जेव्हा प्रश्नोत्तरांवर सोपविला जातो, तेव्हा ती मुलाखत भाषाभ्यासाच्या कक्षेत येते. प्रश्न कोणत्या भाषेत सुचला, कोणत्या भाषेत कानी पडला, उत्तर कोणत्या भाषेत दिले गेले आणि कोणत्या भाषेत टिपले गेले, या चार पायऱ्यांवर अर्थाची जी घटवाढ होते, तिची चिकित्सा करणे हे भाषाशास्त्राचेच काम होय.

मुंबईच्या मराठी कुटुंबांना हा विषय परका नाही. अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोट्याची जुनी पद्धत मोडली. नागरिकाचा पती वा पत्नी यांना त्या कायद्यात संख्येची मर्यादा नाही. त्यानंतर प्रथम गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गातून आणि पुढे परळ-लालबागच्या कामगारवस्तीतूनही मुलेमुली तिकडे स्थायिक झाली व त्यांचे जोडीदार मागाहून निघाले. मुंबईतील अमेरिकेची वकिलात १९५७ नंतर दीर्घकाळ ब्रीच कँडीच्या लिंकन हाउस या वास्तूत होती. २०११ च्या अखेरीस ती वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. वास्तू बदलली तरी खिडकीपलीकडून येणाऱ्या प्रश्नांचे स्वरूप फारसे बदलले नाही. पहिली भेट कोठे झाली? लग्न कोणी ठरविले? कोणकोण हजर होते? लग्नानंतर कोठे राहिलात?

या प्रश्नांवर जे अवलंबून असते ते लहान नाही. अमेरिकेच्या १९८६ च्या कायद्यानुसार, परवानगी मिळते त्या वेळी विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर ती परवानगी दोन वर्षांपुरती सशर्त असते, आणि ती मुदत संपताना विवाह खरा असल्याचे पुन्हा दाखवून द्यावे लागते. विवाह केवळ प्रवेशासाठी रचलेला होता असे एकदा ठरले, तर त्या व्यक्तीसाठी पुढे कोणत्याही नातेवाइकाने केलेली मागणी मंजूर होत नाही. वकिलातीने दिलेला नकार न्यायालयात तपासून घेण्याची वाटही अरुंद आहे. परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा हा नागरिकाचा घटनादत्त मूलभूत हक्क नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली ठरविले. म्हणजे एखादे वाक्य चुकीचे ऐकले गेले तर ते दुरुस्त करून घेण्याची संधी मिळेलच, अशी शाश्वती नाही.

२

अमेरिकन न्यायालयांनी विवाहाच्या खरेपणाची जी कसोटी सांगितली आहे, ती मुळात सदोष नाही. १९७५ च्या एका निर्णयात ती स्पष्ट झाली : विवाहाच्या वेळी उभयतांचा एकत्र जीवन उभारण्याचा हेतू होता काय, एवढाच प्रश्न. परंतु हेतू डोळ्यांना दिसत नाही. म्हणून अधिकाऱ्याला हेतूच्या जागी दुसरे काही तरी तपासावे लागते, आणि ते म्हणजे त्या विवाहाची कथा. भेट, परिचय, मागणी, होकार, विवाह, सहवास अशी तिची घटनामालिका असते, आणि प्रत्येक घटनेचे कर्तृत्व नायक-नायिकेकडे असावे अशी अपेक्षा असते. मुलाखत विवाहाची परीक्षा घेते असे म्हटले जाते. वस्तुतः ती परीक्षा घेते विवाहाच्या कथनाची, आणि तीही एका विशिष्ट घाटाच्या कथनाची.

मराठीत विवाहाचे कथन या घाटात बसत नाही. ‘माझे लग्न झाले’ हे आपले स्वाभाविक वाक्य आहे. ‘मी लग्न केले’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असले, तरी मागच्या पिढीच्या बोलण्यात त्याला वेगळी छटा होती. घरच्यांना न विचारता, स्वतःच्या हट्टाने, किंवा दुसऱ्यांदा, असे काही तरी त्यातून ध्वनित होई. लग्न ‘जमते’, ‘जुळते’, ‘ठरते’, ‘लागते’, ‘पार पडते’. ही सारी अकर्मक क्रियापदे होत, आणि त्यांचा कर्ता ‘लग्न’ हाच असतो. सकर्मक क्रियापदे येतात ती वडीलधाऱ्यांच्या तोंडी : ‘मुलगी दिली’, ‘सून केली’, ‘लग्न लावून दिले’. लालबागची एखादी विवाहिता सांगेल, ‘मामांनी स्थळ आणले, घरच्यांना पसंत पडले, बोलणी झाली आणि वैशाखात लग्न झाले.’ या वाक्यात ‘मी’ कोठेही नाही. मराठी श्रोत्याला त्यात उणे वाटत नाही, कारण मुलीचा होकार त्याने गृहीत धरलेला असतो. इंग्रजीत टिपून घेणाऱ्याला मात्र या विवाहात वधूच नाही असे वाटू लागते.

दुभाष्याची अडचण येथेच सुरू होते. त्याने ‘मी’ पदरचा घातला तर उत्तर बदलले, आणि न घातला तर उत्तर टाळाटाळीचे दिसले. ‘मागणी कोणी घातली?’ या प्रश्नाचे ‘त्यांच्या काकांनी’ हे उत्तर मराठीत पूर्ण आणि खरे आहे. इंग्रजीत ते विनोदी तरी ठरते किंवा संशयास्पद तरी.

याच्या जोडीला मराठी वाक्यरचनेचा आणखी एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. आवड, पसंती, आठवण हे अनुभव मराठीत चतुर्थीतून व्यक्त होतात : मला आवडले, मला पसंत पडले, मला आठवते. अनुभव घेणारा तेथे कर्ता नसतो. अनुभव त्याच्याकडे येतो. ‘मला स्थळ पसंत होते’ या चार शब्दांत संमती पूर्णपणे सामावलेली आहे. परंतु ‘तू त्याला का निवडलेस?’ असा प्रश्न आला की उत्तर देणारी अडखळते. निवड करणाऱ्या कर्त्याची भूमिका तिच्या भाषेने तिला त्या प्रसंगी दिलेलीच नसते. त्या अडखळण्याचा अर्थ असत्य असा लावणे हे भाषेचे अज्ञान होय.

विवाहविधीतही हाच भेद दिसतो. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाची १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली व्याख्याने भाषाभ्यासकांना परिचित आहेत. उच्चार हीच कृती ठरते अशा वाक्यांच्या उदाहरणांत त्याने विवाहसमयीच्या वचनाला स्थान दिले. महाराष्ट्रातील प्रचलित वैदिक पद्धतीच्या विवाहात अंतरपाट दूर होतो, अक्षता पडतात, वाद्ये वाजतात. वधूवरांना सभेसमोर स्वभाषेत ‘होय’ म्हणावे लागत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही, जेथे सप्तपदीची रूढी आहे तेथे, सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण झाल्याचे मानले आहे. विवाह येथे पावलाने पूर्ण होतो.

अर्थात यावरून मराठी विवाह मुकाच असतो असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. सत्यशोधक समाजाने १८७३ पासून जी पद्धत रूढ केली तिच्यात वधूवर परस्परांना वचने देतात. परळ-नायगावच्या अनेक घरांतून होणाऱ्या बौद्ध विवाहांत प्रतिज्ञा असतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालील नोंदणीतही दोघांना साक्षीदारांसमोर, स्वतःला कळणाऱ्या भाषेत, स्वीकाराचे वाक्य उच्चारावे लागते. एकाच इमारतीत राहणाऱ्या तीन कुटुंबांची विवाहकथा अशा रीतीने तीन निरनिराळ्या व्याकरणांची असू शकते. ‘भारतीय विवाह’ असा एकच साचा गृहीत धरणारा अधिकारी आणि ‘आमच्यात असेच असते’ असे सांगणारा अर्जदार, दोघेही सारखेच अपुरे बोलतात.

३

उत्तरांतील विसंगती हा मुलाखतीचा दुसरा आधार. संशय आला की पतिपत्नींना वेगवेगळे बसवून तेच प्रश्न विचारावयाचे आणि उत्तरे ताडून पाहावयाची, ही पद्धत अमेरिकेत ‘स्टोक्स मुलाखत’ या नावाने ओळखली जाते. न्यूयॉर्कमधील ज्या दाव्यावरून हे नाव पडले, त्यातील १९७६ च्या तडजोडीने अर्जदारांच्या संरक्षणासाठी काही नियमही घालून दिले. या पद्धतीमागील तर्क सरळ आहे : जे एकत्र राहतात त्यांची उत्तरे जुळतात. परंतु उत्तरे जुळण्यासाठी शब्दांचे अर्थ आधी जुळावे लागतात.

‘लग्न कधी झाले?’ हाच प्रश्न पाहा. परदेशातून थोड्या रजेवर आलेला वर आधी विवाहाची नोंद करून घेतो, कारण अर्जाला दाखला लागतो. समारंभ काही महिन्यांनी, सवडीने व मुहूर्ताने होतो. गिरगावकरांनी ‘डी’ विभागात, दादरकरांनी ‘जी उत्तर’ विभागात किंवा परळ-लालबागकरांनी ‘एफ दक्षिण’ विभागात जाऊन महापालिकेचा दाखला मिळविला की कागदोपत्री विवाह सिद्ध होतो. पुढे मुलाखतीत पती नोंदणीची तारीख सांगतो आणि पत्नी मुहूर्ताची. दोघेही खरे बोलतात. पत्नीच्या मते नोंदणी ही ‘नोंदणी’ होती आणि लग्न हे ‘लग्न’. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगण्याजोगी आहे. आवश्यक विधी न होता केवळ दाखला मिळाल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले. म्हणजे विशेष विवाह कायद्याखालील विवाह सोडला, तर पत्नीचा साधा बोलीतला भेद कायद्याच्याच अधिक जवळचा ठरतो. दाखल्याच्या घाईत कुटुंबे जे करतात त्याचा पुनर्विचार त्यांनीही करावयास हवा.

नात्यांच्या शब्दांत घोटाळा अधिक होतो. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांची प्रादेशिक परिभाषा एकत्र मांडली, तेव्हापासून अभ्यासकांना हे ज्ञात आहे की नात्याचा शब्द हा कुटुंबरचनेचा नकाशा असतो. दीर, मेहुणा, साडू आणि नणंदेचा नवरा या चौघांना इंग्रजीत एकच शब्द पुरतो. उलट चुलत, मामे, आते आणि मावस भावंडांना मराठीत आठ निराळी नावे असूनही, बोलताना आपण त्या सर्वांना नुसते ‘भाऊ’ आणि ‘बहीण’ म्हणतो. ‘तुमच्या पतीला भावंडे किती?’ या प्रश्नाला पती सख्खी दोन सांगेल, तर पत्नी त्याच घरात वाढलेली चुलत धरून पाच सांगेल. या दोन आकड्यांतील फरक कुटुंबाच्या जवळिकीतून जन्मलेला असतो, पण टिपणात तो अपरिचयाचा पुरावा होऊन बसतो.

नावाची गोष्ट तर याहून नाजूक आहे. पतीचे नाव उच्चारू नये ही रूढी शहरातील तरुण पिढीत पुष्कळशी सुटली आहे. तथापि वडिलांसमोर ‘अहो’, एकांतात एकेरी, आणि तिऱ्हाइताजवळ ‘आमच्याकडे’ किंवा ‘घरातून’, अशी संबोधनांची पायरीपायरीची व्यवस्था अनेक घरांत टिकून आहे. काही कुटुंबांत विवाहसमयी वधूचे नावही बदलले जाते. तेव्हा पती ज्या नावाने हाक मारतो ते नाव पारपत्रावर नसते. आपल्याकडे पत्नीने पतीचे नाव चारचौघांत घ्यावयाचे ते उखाण्यात. तेथे ऐकणाऱ्यांना उत्तर आधीच ठाऊक असते आणि कौतुक असते ते सांगण्याच्या पद्धतीचे. मुलाखतीतही नाव घ्यावे लागते, उत्तर तेथेही समोरच्या कागदावर लिहिलेले असते, आणि तेथेही सांगण्याच्या पद्धतीवरच पारख होते. फरक एवढाच की उखाण्याच्या सभेत कोणी नापास होत नाही.

घराविषयीचे प्रश्नही अशाच गृहीतांवर उभे आहेत. पलंगाच्या कोणत्या बाजूस कोण झोपते, हा अशा मुलाखतींचा नमुना म्हणून नेहमी सांगितला जाणारा प्रश्न. १९२० च्या दशकात बांधल्या गेलेल्या बी.डी.डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. रात्री अंथरुणे पसरावयाची, सकाळी गुंडाळावयाची, पुरुषांनी गॅलरीत आणि पाहुणे आले की सर्वांनीच जागा बदलून झोपावयाचे, हा तेथला क्रम होता. गिरगावात नवदांपत्याच्या वाट्याला पुष्कळदा पोटमाळा येई. आता या वस्त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत. परंतु तेथून गेलेल्यांच्या बोलण्यात आजही मुंबईची ती ‘खोली’ आणि कोकणातले किंवा घाटावरचे ते ‘घर’ हा भेद कायम आहे. ‘लग्नानंतर घरी किती दिवस राहिलात?’ या प्रश्नातील ‘घर’ कोणते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक नसते.

४

मुलाखतीत हेतूचा प्रश्न कसा विचारला जातो, याचा ब्रिटनचा अनुभव उद्बोधक आहे. तेथे १९८० च्या दशकात असा नियम होता की विवाहाचा प्रमुख हेतू ब्रिटनमध्ये प्रवेश मिळविणे हा नव्हता, हे अर्जदारानेच सिद्ध करावे. भारतीय उपखंडातील अर्जदारांची, विशेषतः ठरवून विवाह करणाऱ्या तरुणांची, या नियमाने फार अडवणूक झाली. अखेर जून १९९७ मध्ये तो रद्द झाला. त्या काळी अर्जदारांविरुद्ध केला जाणारा एक युक्तिवाद भाषाभ्यासकाने अवश्य पाहावा. भारतीय रूढीप्रमाणे पत्नी पतीच्या घरी जाते. येथे पतीच पत्नीच्या देशी निघाला आहे. यास्तव त्याचा हेतू विवाहाहून निराळा असला पाहिजे, असा तो युक्तिवाद. आपल्या ‘घरजावई’ या शब्दात जी कुचेष्टा भरलेली आहे, तीच येथे परकीय शासनाने पुरावा म्हणून वापरली. समाजाने आपल्याच माणसांसाठी घडविलेला उपहासाचा शब्द परक्याच्या हाती गेल्यावर काय करू शकतो, याचे हे उदाहरण होय.

या नियमामागील मूळ चूक मात्र अधिक खोल आहे. हेतू एकच असतो, निदान त्यातला एक प्रमुख म्हणून वेगळा काढता येतो, असे त्यात गृहीत धरले होते. मराठी विवाहव्यवहारात हेतू असे सुटे कधीच नव्हते. ‘स्थळ’ या शब्दाचाच विचार करावा. व्यक्तीला आपण स्थळ म्हणतो, म्हणजे ठिकाण म्हणतो. तिचे घराणे, मिळकत, वास्तव्य हे सारे त्या शब्दात आधीच आलेले असते. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात कोकणातील किंवा साताऱ्याकडील बापाने मुलीसाठी परळचे स्थळ पाहिले, तर दोन गोष्टी तो प्रथम विचारी : मुलगा गिरणीत बदली आहे की कायम, आणि मुंबईत त्याची स्वतःची खोली आहे काय? या चौकशीमुळे तो विवाह खोटा ठरतो असे कोणी म्हटले नाही. त्या खोलीत संसार उभे राहिले, मुले शिकली, आणि १९८२ चा संप सुरू झाल्यानंतरचे हलाखीचे दिवसही पतिपत्नींनी एकत्र काढले. ‘कायम’ नोकरीच्या जागी ‘कायम’ वास्तव्य आले, एवढाच बदल आजच्या स्थळांत झाला आहे. लाभाची अपेक्षा आणि संसाराचा हेतू एकाच मनात सुखाने नांदतात. अमेरिकन न्यायालयाची एकत्र जीवनाची कसोटी म्हणूनच ब्रिटिश नियमापेक्षा अधिक समंजस आहे. प्रश्न विचारताना तिचा विसर पडतो, ही तक्रार.

५

या चिकित्सेचा अर्थ असा नव्हे की प्रश्न विचारणारा अन्यायी आणि उत्तर देणारा निरपराध. बनावट विवाह होतात. त्यात फसविला जाणारा जोडीदार पुष्कळदा खराच विवाह समजून चालत असतो. परदेशस्थ पतींनी टाकून दिलेल्या स्त्रियांच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की राष्ट्रीय महिला आयोगाकडे २००९ मध्ये ते काम स्वतंत्रपणे सोपविण्यात आले. अशा प्रकरणांत वकिलातीने विचारलेले प्रश्न मुलीच्या घरच्यांनीच आधी विचारले असते, तर बरे झाले असते, असे म्हणावे लागते. पगार, पदवी आणि वास्तव्याचा परवाना यांची चौकशी बारकाईने होते, पण तो कोणाबरोबर राहतो, हे विचारणे अशिष्ट मानले जाते.

शिवाय मुलाखत हा प्रकार आपल्याला नवा नाही. मुलगी ‘दाखविणे’ आणि ‘पाहणे’ ही आपलीच क्रियापदे आहेत. नाव काय, शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, या प्रश्नांना मान खाली घालून उत्तर देण्याचा प्रसंग गिरगाव-दादरच्या कित्येक पिढ्यांतील मुलींवर आला. परकीय अधिकाऱ्यासमोर त्यांचे उत्तर तुटक व दबलेले येते, त्याला ती सवयही कारण आहे. प्रश्नकर्त्याने शब्दांवर विसंबणे सोडले की त्याहून अमानुष काही घडते, हेही विसरता येत नाही. १९७९ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, विवाहासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची तिचे म्हणणे पडताळण्याच्या नावाखाली शारीरिक तपासणी करण्यात आली, आणि त्यावर मोठा गहजब झाला. देहाची तपासणी करण्यापेक्षा प्रश्न विचारणे केव्हाही श्रेयस्कर. म्हणूनच प्रश्न नीट विचारले गेले पाहिजेत.

मुंबईच्या उच्च न्यायालयाने विवाहाच्या भाषांतराचा हा प्रश्न फार पूर्वी हाताळलेला आहे. १८८४ साली रखमाबाईंवर त्यांच्या पतीने वैवाहिक हक्कांच्या पुनःस्थापनेचा दावा लावला. विवाह त्यांच्या अकराव्या वर्षी झालेला होता व सहवास कधी घडलाच नव्हता. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळताना नेमके याच शब्दावर बोट ठेवले. जे कधी स्थापन झालेच नाही, त्याची पुनःस्थापना कशी करावयाची? तो निर्णय टिकला नाही. १८८७ मध्ये रखमाबाईंना पतीकडे जाण्याचा अन्यथा तुरुंगवासाचा हुकूम झाला आणि १८८८ मध्ये तडजोड झाली. परंतु इंग्रजी कायद्याची संज्ञा येथील विवाहाला जशीच्या तशी लावता येत नाही, हे एका इंग्रज न्यायाधीशाला एका उपसर्गावरून उमगले होते, ही घटना आजच्या मुलाखतींच्या संदर्भातही स्मरणीय आहे. त्या वेळी प्रश्न होता स्त्रीला घरात ढकलण्याचा. आज तो तिला सीमेवर अडविण्याचा आहे. दोन्ही ठिकाणी तिची स्वतःची साक्ष दुसऱ्याच्या संज्ञेत बसवून ऐकली गेली.

६

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली दुभाष्याविषयी. विवाहविषयक मुलाखतीत काम करणाऱ्याला शब्दकोशातील अर्थ माहीत असून भागत नाही. ‘लग्न झाले’ मधील गाळलेला ‘मी’, चतुर्थीतील संमती, ‘भाऊ’ आणि ‘घर’ या शब्दांची व्याप्ती, ‘नोंदणी’ आणि ‘लग्न’ यांतील भेद, हे सारे त्याला अधिकाऱ्याच्या निदर्शनास आणून देता आले पाहिजे. पदरचा शब्द घालण्यापेक्षा ‘या शब्दाचे मराठीत दोन अर्थ होतात’ एवढे सांगणे अधिक प्रामाणिक आणि अधिक उपयुक्त.

दुसरी गोष्ट अर्जदारांच्या तयारीविषयी. संभाव्य प्रश्नांच्या याद्या मिळवून पतिपत्नी उत्तरे पाठ करतात आणि दोघांची वाक्ये तंतोतंत जुळवितात. त्यामुळे खरे उत्तरही रचलेले वाटू लागते. पाठांतराऐवजी त्यांनी आपल्या विवाहाची हकिकत आपल्या भाषेत, क्रमाने, परंतु ‘मला पसंत होते, म्हणून मी होकार दिला’ हे वाक्य न गाळता सांगण्याचा सराव करावा. ते वाक्य खरे असेल तर मराठीत ते सहज येते. आणि ते ओठांवर येत नसेल, तर वकिलातीच्या खिडकीशी जाण्यापूर्वी घरातच ज्याचा विचार व्हावयास हवा, असा तो प्रश्न आहे.